रोटरी घेण्याआधी भांडं समोर ठेवा: लेझरवर गोल वस्तूंचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. उजव्या हातात इलेक्ट्रिक पेन, डाव्या हातात तांब्या. बघणाऱ्याचं लक्ष पेनाकडे असतं, पण अवघड काम डावा हात करत असतो. अक्षर जेवढं पुढे जातं तेवढाच तांब्या फिरतो, कमी नाही की जास्त नाही, आणि पेनाचं टोक टेकतं तो भाग कायम बरोबर वर राहतो. लेझर मशीनला जोडायची रोटरी म्हणजे हा डावा हात. ती निवडताना मला एकच गोष्ट तपासावीशी वाटते: माझ्याकडे येणारं भांडं हा हात न घसरता, नेमकं तेवढंच फिरवेल का?

बहुतेक जण उलटं करतात. आधी रोटरी मागवतात, मग तिच्यावर काय बसतं ते शोधतात. मीही तसंच केलं होतं. म्हणून इथे क्रम बदलून सांगतो आहे.

रोटरी खरंच लागणार आहे का

लेझरचं हेड सपाट चालतं आणि किरण एका ठरावीक उंचीवरच बारीक असतो. गोल बाटली मशीनखाली नुसती आडवी ठेवली तर माथ्यापासून बाजूला गेल्यावर पृष्ठभाग खाली जातो. ७३ मिमी व्यासाची बाटली घ्या. माथ्यापासून १० मिमी बाजूला गेलात की पृष्ठभाग सुमारे १.४ मिमी खाली असतो, २० मिमीला जवळजवळ ६ मिमी. दीड मिमी बरीच मशीन सहन करतात, सहा मिमीला अक्षर पसरून फिकट होतं.

याचा अर्थ असा की बाटलीच्या लांबीच्या दिशेने, १५ मिमी उंचीचं नुसतं नाव घालायचं असेल तर रोटरीची गरज नाही. तेव्हा माथ्यापासून दोन्ही बाजूंना साडेसात मिमीच जावं लागतं आणि फरक पाऊण मिमीच्या आसपास राहतो. बाटली घरंगळू नये म्हणून दोन लाकडी पट्ट्या लावल्या की झालं. शाळेच्या बाटल्यांवर मुलांची नावं एवढंच काम असेल तर पैसे वाचवा. चित्र मोठं असेल, मजकूर बाटलीभोवती गुंडाळायचा असेल किंवा काठाला वेलबुट्टी हवी असेल, तर पुढे वाचा.

आधी भांडी मांडा आणि मापं घ्या

तुमच्याकडे ज्या वस्तू येतील असं वाटतं त्या खरोखर ओट्यावर मांडा. प्रत्येकीचा सर्वांत मोठा व्यास, सर्वांत लहान व्यास, लांबी, रिकामं वजन आणि कान किंवा कडी आहे का, हे वहीत लिहा. व्यासासाठी वर्निअर चांगला, पण परिघ मोजायला त्याहून भरवशाची कागदाची पट्टी. पट्टी भांड्याभोवती घट्ट गुंडाळायची, जिथे एकावर एक येते तिथे पेन्सिलने खूण करायची आणि उलगडून मोजायची. व्यास मोजताना एक मिमी चुकला तर परिघ तीन मिमीपेक्षा जास्त चुकतो. परिघ थेट मोजला तर चूक तेवढीच राहते.

रोटरी दोन प्रकारची असते: रोलरवाली, जिच्यावर वस्तू आडवी ठेवतात, आणि चकवाली, जी वस्तू जबड्यांत पकडते. आता एकेक आकार पाहू.

सरळ उभ्या भिंतीची स्टीलची बाटली सगळ्यांत सोपी. ती कुठल्याही रोटरीवर चालते.

फुलपात्र, ग्लास, प्रवासी कॉफी मग हे सगळे वर रुंद, खाली निमुळते. फुलपात्राला तर काठाला वळही असते, म्हणजे दोन समांतर रोलरवर ते काठाच्या वळीवर आणि बुडाजवळ असं दोनच ठिकाणी टेकतं. इथेच नवख्यांची गाडी अडते. पुढे त्यावर सविस्तर लिहितो.

तांब्याचं पोट दोन्ही दिशांनी गोल असतं. रोटरी त्याला फिरवेल, पण लांबीच्या दिशेचा उतार रोटरीने जात नाही. म्हणून पोटाच्या सर्वांत फुगीर भागावर १५-२० मिमी रुंद पट्टा एवढीच जागा आपली समजायची. त्या पट्ट्यात नाव सुरेख बसतं. त्याबाहेर जायचा मोह टाळा.

कान असलेला मग रोलरवर पूर्ण फिरत नाही, कान रोलरला अडतो. तो चकमध्येच लावायचा किंवा अर्ध्या फेरीच्या आत चित्र संपवायचं.

लाटणं ही मला फार आवडणारी वस्तू. लग्नाच्या रुखवतात नावाचं लाटणं ठेवायला लोक हौसेने करून घेतात. ते लांब असतं आणि टोकांना निमुळतं होतं, म्हणून एका बाजूने चक आणि दुसऱ्या बाजूने टेलस्टॉकचा, म्हणजे टोक टेकवून धरणाऱ्या भागाचा, आधार हवा.

पेन, कडं, अंगठी या लहान वस्तू. पेन रोलरच्या फटीत खाली जातो. कडं आणि अंगठी आतून पकडावी लागते, म्हणजे चकचे जबडे आतून बाहेर उघडून. इथे रोलरचा विचारच करू नका.

वहीत ज्या आकारापुढे जास्त खुणा पडतील तो तुमची रोटरी ठरवतो.

रोलर की चक

रोलर रोटरीत रबर चढवलेले दोन दांडे किंवा चाकांच्या जोड्या असतात. वस्तू त्यांच्यावर आडवी ठेवायची, मोटर रोलर फिरवते आणि घर्षणाने वस्तू फिरते. चक रोटरीत लेथसारखा तीन जबड्यांचा चक असतो, तो वस्तू घट्ट पकडून फिरवतो. कारखान्यात कुणी लेथवर काम केलेलं असेल तर त्याला पाच मिनिटं बोलवा. जॉब कसा पकडायचा, आऊट (म्हणजे जॉब मध्यावरून हटलेला असणं) कसा काढायचा, हे तो हातानेच दाखवेल आणि ते आयुष्यभर पुरेल.

दोन्हींतला खरा फरक हिशोबात आहे.

रोलरवर रोलरचा पृष्ठभाग जेवढा सरकतो तेवढाच बाटलीचा पृष्ठभाग सरकतो. बाटली ६० मिमीची असो की ९० ची, चित्राची उंची तीच येते. एकदा रोलरचा व्यास नीट भरला की बाटली बदलल्यावर आकडे बदलायची गरज नसते. वेगवेगळ्या मापांच्या बाटल्या येत असतील तर हा मोठा आराम आहे. मात्र सगळी मदार घर्षणावर. बाटली हलकी असेल, गुळगुळीत असेल, तेलकट असेल तर ती घसरणार.

चकवर घसरण नाही. पण चक एक फेरी म्हणजे ३६० अंश एवढंच जाणतो. त्या फेरीत पृष्ठभाग किती सरकला हे वस्तूच्या व्यासावर ठरतं, म्हणून प्रत्येक वस्तूला तिचा व्यास सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. ७० मिमीची बाटली लावून चुकून ७३ भरलं तर चित्र सुमारे चार टक्क्यांनी आखूड येतं. गोल शिक्का अंडाकृती दिसायला एवढं पुरेसं आहे.

दुसरी बाब बारकाव्याची, आणि जाहिरातींत ती सहसा सापडत नाही. साध्या स्टेपर मोटरला एका फेरीत २०० पावलं असतात. ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, प्रत्येक पावलाचे १६ भाग करत असेल तर ३,२०० झाली. मोटरला थेट लावलेल्या चकवर ७० मिमीची बाटली असेल तर परिघ सुमारे २२० मिमी, म्हणजे एका बारीक पावलात पृष्ठभाग ०.०६९ मिमी सरकतो. आपण ओळींमधलं अंतर ०.१ मिमी ठेवतो. मग यंत्राला कधी एक पाऊल टाकावं लागतं, कधी दोन. ओळी कुठे दाट, कुठे विरळ होतात आणि भरीव भागात पट्टे उमटतात. तीच मोटर ३:१ च्या बेल्टने चक फिरवत असेल तर पाऊल ०.०२३ मिमीचं होतं आणि पट्टे जवळजवळ जातात. म्हणून चक घेताना विक्रेत्याला विचारा: मोटर आणि चक यांच्यात बेल्ट आहे का, पुलीचं प्रमाण किती? याचं उत्तर देता येत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका. रोलरमध्ये ही अडचण मुळातच कमी. २० मिमीचा रोलर असेल तर परिघ ६३ मिमीच्या आत, म्हणजे थेट जोडणीतही पाऊल ०.०२ मिमीच्या आसपास राहतं.

रोलर सहसा स्वस्त असतो, चक महाग. दोन्ही एकत्र असलेले संचही मिळतात. एक्सटूल कंपनीच्या आरए२ प्रोमध्ये चक, रोलर, चेंडूसारख्या गोल वस्तू आणि अंगठी अशा चारही कामांची सोय आहे. माझं मत विचाराल तर बाटल्याच करायच्या असतील तर चांगला रोलर पुरे. फुलपात्रं, मग, लाटणी, कडी यांतलं काहीही नियमित येणार असेल तर सुरुवातीलाच कलता होणारा चक घ्या. रोलर घेऊन वर्षभर जुगाड करण्यापेक्षा ते बरं.

निमुळत्या भांड्याची गोष्ट

माझी पहिली मोठी ऑर्डर संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाणाची होती. छोटे स्टीलचे ग्लास, बाहेरून गुलाबी पावडर कोटिंग, भोवती देवनागरीत मजकूर. माझ्याकडे तेव्हा रोलर होता. पहिला ग्लास निघाला आणि मी शिरोरेखा पाहिली. सुरुवातीला सरळ असलेली रेघ शेवटाला दोन मिमी वर चढली होती. आधी वाटलं, फाइलमध्ये चूक आहे. फाइल तपासली, बरोबर होती. दुसऱ्या ग्लासालाही तेच. तिसऱ्याच्या वेळी मशीन चालू असताना गॉगल लावून शेजारी उभा राहिलो, तेव्हा दिसलं की ग्लास फिरता फिरता हळूहळू एका बाजूला सरकत होता.

कारण साधं आहे. निमुळत्या ग्लासाचा रुंद भाग आणि अरुंद भाग एकाच वेगाच्या रोलरवर टेकलेले असतात. रुंद भागाला एक फेरी पूर्ण करायला जास्त अंतर लागतं, अरुंद भागाला कमी. दोघंही एकाच भांड्याचे, त्यामुळे कुणीतरी घसरणारच. त्या ओढाताणीत भांडं तिरकं होऊन चालायला लागतं. इंग्रजी अक्षरांत हे पटकन लक्षात येत नाही. देवनागरीत शिरोरेखा लगेच चुगली करते. त्या ऑर्डरमध्ये माझे सात ग्लास वाया गेले आणि ते मी पदरचे भरून दिले.

रोलरवर निमुळतं भांडं करायचंच असेल तर तीन गोष्टी करा. भांड्याचा माथा स्पिरिट लेव्हलने आडवा येईपर्यंत रोटरीची एक बाजू उचला. भांडं ज्या बाजूला चालतं तिथे बुडाला टेकणारा गुळगुळीत अडथळा लावा. आणि शक्य असेल तर चाकांच्या दोन जोड्यांची रोलर रोटरी वापरा, जिच्यात फक्त एकच जोडी मोटरवर असते आणि दुसरी मोकळी फिरते. मोकळ्या जोडीमुळे ओढाताण कमी होते. चकवर मात्र प्रश्न फक्त कलण्याचा राहतो. चक तेवढ्या अंशाने खाली झुकवा की माथा आडवा, आणि व्यास भरताना चित्र जिथे येणार आहे त्या जागेचा भरा, काठाचा नाही.

मशीनमध्ये मावते का

ही बेरीज विकत घेण्याआधी कागदावर करा. रोटरीची रोलरपर्यंतची उंची, अधिक वस्तूचा व्यास, अधिक लेझर हेडच्या टोकापासून फोकसचं अंतर. समजा रोलर टेबलापासून ६० मिमीवर आहे, बाटली ७३ मिमीची आहे आणि फोकसला ५० मिमी लागतात. बेरीज १८३ मिमी. बाटली दोन रोलरच्या मध्ये थोडी खाली बसते, तेवढं कमी धरलं तरी बऱ्याच डायोड मशीनच्या (लहान, सहसा निळ्या किरणाच्या लेझरच्या) मूळ पायांवर एवढी उंची मिळत नाही. तेव्हा चारही पायांखाली सारख्या उंचीचे ठोकळे किंवा तयार पाय लागतात. ठोकळे एकमेकांशी तंतोतंत सारखे हवेत. एका पायाखाली दोन मिमी कमी असेल तर फोकस एका टोकाला फिकट पडतो. बंद पेटीच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरच्या) मशीनमध्ये बेड किती खाली जातो आणि त्यात रोटरी आडवी मावते का, हे टेपने मोजा.

लांबीही पाहा. चक, जबडे, बाटली आणि टेलस्टॉक मिळून मशीनच्या रुंदीत बसले पाहिजेत, कारण वस्तूचा अक्ष मशीनच्या एक्स (डाव्या-उजव्या) दिशेला ठेवायचा असतो.

तुमचा लेझर त्या भांड्यावर उमटतो का, हेही आधीच पक्कं करा. पावडर कोटिंग केलेली स्टीलची बाटली डायोड आणि सीओटू दोन्हींवर छान होते. रंग उडतो आणि खालचं चकचकीत स्टील दिसतं. नितळ काचेतून निळा डायोड आरपार जातो, म्हणून वर काळा रंग किंवा मार्किंग पेस्ट लावावी लागते. सीओटू काचेवर थेट चालतो. उघड्या स्टीलसाठी सीओटूला मार्किंगचा लेप लागतो. तांबं आणि पितळ यांना साध्या डायोडच्या भरवशावर हात घालू नका. ते काम फायबर लेझरचं, आणि फायबरच्या मशीनला सहसा चक पद्धतीची रोटरी जोडतात.

जोडणी

घरगुती डायोड मशीनमध्ये सहसा वाय मोटरची, म्हणजे हेड पुढे-मागे नेणाऱ्या मोटरची, वायर काढून तिथे रोटरीची वायर लावतात. हे करताना मशीन बंद हवं आणि अडॅप्टरही भिंतीवरून काढलेला हवा. चालू मशीनमध्ये मोटरची वायर ओढली तर ड्रायव्हर जळू शकतो, आणि तो कंट्रोलर बोर्डावरच बसवलेला असेल तर बोर्डच बदलायची वेळ येते.

प्लग सारखा दिसला तरी तारांचा क्रम सारखा असेलच असं नाही. स्टेपर मोटरच्या चार तारा म्हणजे दोन कॉइलच्या दोन जोड्या. जोडी ओळखायची सोपी युक्ती आहे. मोटर कशालाही जोडलेली नसताना कोणत्याही दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. अचानक जड लागला तर त्या दोन एका कॉइलच्या. हलका फिरला तर दुसरी तार घेऊन पाहा. मशीनच्या मूळ वायरशी हे जुळवून घ्या. जोड्या चुकल्या तर मोटर फिरत नाही, नुसती थरथरते.

होमिंग (मशीनने आपली शून्य जागा शोधणं) असलेल्या मशीनवर आणखी एक काळजी. रोटरी वायच्या जागी असताना होम करू नका. मशीन वायचा लिमिट स्विच शोधत राहतं आणि बाटली गरागरा फिरत बसते. सुरू होताच आपोआप होम होत असेल तर ती सेटिंग रोटरीच्या कामापुरती बंद ठेवा.

आकडे भरणं

लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रोटरी सेटअप नावाची खिडकी आहे. तिथे रोलर की चक ते निवडायचं, अक्ष निवडायचा आणि एका फेरीला किती मिमी हा आकडा भरायचा. नवखे इथेच घाबरतात, पण हिशोब एका ओळीचा आहे. एका फेरीची एकूण पावलं भागिले मशीनची वाय अक्षाची प्रति मिमी पावलं. जीआरबीएल या कंट्रोलरमधल्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनमध्ये हा दुसरा आकडा सेटिंग क्रमांक १०१ मध्ये असतो. तो ८० असेल आणि रोटरी थेट जोडणीची असेल तर ३,२०० भागिले ८० म्हणजे ४० मिमी. ३:१ बेल्ट असेल तर ९,६०० भागिले ८०, म्हणजे १२० मिमी. रोटरीच्या माहितीपत्रकात तयार आकडा दिलेला असला तरी तो कोणत्या मशीनसाठी आहे ते पाहा.

त्यानंतर रोलर असेल तर रोलरचा व्यास, चक असेल तर वस्तूचा व्यास. रोलरवर रबर असेल तर रबरासकट मोजा.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये रोटरीचा वेगळा पर्याय नाही तिथे लोक १०१ क्रमांकाची सेटिंगच बदलतात. तसं करणार असाल तर जुना आकडा मशीनच्या पट्टीवर मार्करने लिहून ठेवा. वहीत लिहिलेला आकडा गरजेच्या वेळी सापडत नाही.

सुरुवातीची जागा 'करंट पोझिशन' ठेवा आणि चित्राचा मध्यबिंदू आधार म्हणून निवडा. म्हणजे हेड जिथे उभं आहे तिथे चित्राचा मध्य येतो आणि टेबलाच्या हद्दींशी भांडण होत नाही.

टेपवर चाचणी

बाटलीभोवती कागदी मास्किंग टेप गुंडाळा. माथा शोधा. त्यासाठी बाटलीवर आडवी स्टीलची पट्टी ठेवा, तिच्यावर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवा. पट्टी समतल असताना बाटलीला जिथे टेकते तो माथा. तिथे पेन्सिलने खूण करून हेड बरोबर तिच्यावर आणा आणि तिथेच फोकस करा.

आता कमी पॉवरवर ३० मिमीचा चौकोन काढा. टेप सोलून सपाट काचेवर चिकटवा आणि मोजा. एक्स दिशेला ३० आलंच पाहिजे. फिरण्याच्या दिशेला समजा २८.५ आलं. लगेच आकडा बदलू नका. आणखी दोन चौकोन काढा. तिन्ही वेळा २८.५ च आलं तर दोष आकड्यात आहे. आधी व्यास पुन्हा मोजा, पुलीचं प्रमाण तपासा, आणि सगळं बरोबर असेल तरच फेरीचा आकडा ३० भागिले २८.५ ने गुणा. ४० होता तर ४२.१ करा. पण एकदा २८.५, एकदा २९.३, एकदा २७.९ असं आलं तर दोष घसरण्यात आहे, आणि तिथे कितीही आकडे बदलले तरी काही होणार नाही. हा भेद कळला नाही म्हणून मी एक अख्खा रविवार आकड्यांत घालवला होता.

चौकोनात एक अक्षरही काढा. ते उलटं आलं, म्हणजे आरशातल्यासारखं, तर फिरण्याची दिशा बदला. त्यासाठी सेटअपमध्येच पर्याय असतो. चकवर असाल तर चाचणी फेरीचं बटण दाबून टेपवरची खूण बरोबर मूळ जागी परत येते का तेही पाहा. आऊट तपासायला एक पट्टी वस्तूच्या अगदी जवळ स्थिर धरा आणि चक हाताने फिरवा. फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होत असेल तर वस्तू मध्यावर बसलेली नाही. सोडून पुन्हा पकडा. पातळ पत्र्याचं फुलपात्र फार आवळू नका, ते त्रिकोणी दबतं आणि मग त्याला कोणताच व्यास राहत नाही.

घसरण थांबवणं

रोलरवाल्यांसाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. आधी स्वच्छता. बाटली आणि रोलर दोन्ही भांडी घासायच्या साबणाने पुसून, कोरडे करून घ्या. कारखान्याचं तेल किंवा आपल्याच बोटांचं तेल पुरेसं असतं घसरायला.

मग वजन. रिकामी बाटली फार हलकी असते. तिच्यात वाळू भरलेली, तोंड घट्ट बांधलेली पिशवी किंवा तांदूळ घाला. ते सगळं टच्च भरा. अर्धवट भरलं तर बाटली फिरताना आतलं वजन एका बाजूला ढळतं आणि नवीनच त्रास सुरू होतो. पाणी नको, झाकण सैल असेल तर मशीनच्या वायरिंगवर जाईल.

मग वेग. वाय अक्षाचं ॲक्सलरेशन कमी करा, निम्मं करून पाहा. बाटली झटक्याने सुरू आणि बंद होते तेव्हाच घसरते. भरीव काम करताना स्कॅनचा कोन शून्य ठेवा, म्हणजे हेड बाटलीच्या लांबीच्या दिशेला पळतं आणि बाटली प्रत्येक ओळीनंतर केसभर फिरते. बाह्यरेषेच्या कामात मात्र बाटलीला पुढेमागे नाचावं लागतं. म्हणून रोलरवर शक्य तिथे अक्षरं भरीव घ्या, रेषेची नको. फ्रेमिंगही (चित्राच्या कडेने हेड फिरवून जागा पाहणं) एकदा-दोनदाच करा. दर वेळी बाटली जाऊन परत येताना थोडी थोडी जागा सोडते.

एवढं करूनही घसरत असेल तर बाटलीच्या दोन्ही टोकांना रोलरवर येईल तिथे रुंद रबर बँड घाला. दोन्हीकडे सारख्याच जाडीचे.

देवनागरी नाव घालताना

सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर काही वेळा जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने नाव लिहा, नीट वाचून पाहा, मग अक्षरांचं पाथमध्ये (नुसत्या रेषांमध्ये) रूपांतर करून ती फाइल घ्या. शिरोरेखेचे तुकडे अक्षरागणिक सुटे असतात, ते जोडून एकसंध करा, नाहीतर जिथे दोन तुकडे एकमेकांवर येतात तिथे भराव उलटा होऊन पांढरे ठिपके पडतात. ग्राहकाकडून नाव लिहूनच घ्या. 'श्रुती' की 'शृती', हे फोनवर ठरवू नका. भांड्यावरून नाव पुसता येत नाही.

बाटलीवर कंपनीचा लोगो असेल आणि नाव त्याच्या बरोबर मागे हवं असेल तर लोगोच्या मध्यापासून कागदाच्या पट्टीने अर्धा परिघ मोजा, खूण करा आणि ती खूण माथ्यावर आणा.

डोळे आणि श्वास

सपाट लाकडावरून परत येणारा प्रकाश बराचसा शोषला जातो. गोल, चकचकीत स्टीलवरून तो कोणत्याही दिशेला फेकला जातो, आणि बाटली फिरत असल्याने ती दिशा बदलत राहते. म्हणून रोटरीवर काम करताना उघड्या डायोड मशीनसमोर गॉगलशिवाय क्षणभरही थांबू नका. गॉगल तुमच्याच लेझरच्या तरंगलांबीचा हवा. निळ्या डायोडला ४४५ ते ४५५ नॅनोमीटरचा. सीओटूचा वेगळा असतो, तो १०,६०० नॅनोमीटरला असतो. खोलीत मुलं असतील तर आधी त्यांना बाहेर पाठवा, मग मशीन सुरू करा. पावडर कोटिंग जळतानाचा धूर घरात साठू देऊ नका, पंखा खिडकीबाहेर फेकणारा हवा. बाटलीवर व्हिनाइलचं स्टिकर असेल तर ते आधी काढून टाका. पीव्हीसी जळताना निघणारा आम्लयुक्त वायू फुप्फुसांना आणि मशीनला दोन्हींना खातो.

काम संपल्यावर

बाटली ओल्या कापडाने पुसा, अक्षरांत अडकलेली काजळी साबणाने काढा आणि उजेडात फिरवून पाहा. त्या वस्तूचा व्यास, पॉवर, वेग आणि वजनासाठी काय भरलं होतं ते एका चिठ्ठीवर लिहून फाइलच्या नावासोबत ठेवा. तशीच बाटली सहा महिन्यांनी पुन्हा येते.

मग मशीन बंद करा, अडॅप्टर काढा, रोटरीची वायर काढून वाय मोटरची परत लावा. सॉफ्टवेअरमधलं रोटरीचं बटण बंद करा. ते चालू राहिलं तर दुसऱ्या दिवशीची सपाट लाकडी पाटी एका दिशेने ताणलेली किंवा दबलेली निघते. १०१ क्रमांकाचा आकडा बदलला असेल तर मशीनवर लिहिलेला जुना आकडा परत भरा, आणि पुठ्ठ्यावर एक ३० मिमीचा चौकोन काढून मोजा.